चौथं लेबल

माझा भाऊ गेला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी तेरा. धुळ्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. कावीळ झाली होती, ती कळायला उशीर झाला. बारा दिवस दवाखान्यात काढले आणि तेराव्या दिवशी सकाळी, माय त्याच्यासाठी मोसंबीचा रस काढत असताना, तो गेला.

तो क्रिकेट खेळायचा. कॉलेजच्या टीममध्ये पहिला फलंदाज म्हणून उतरायचा. गल्लीतली पोरं त्याच्या मागे मागे ग्राउंडवर जायची. मीही त्याचा डबा घेऊन दोन-तीनदा गेले होते, पण मुलगी म्हणून कडेला उभी राहून परत यायचे. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा एका छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, हे त्यांचं काम. त्यांना क्रिकेटचा राग होता. पोरगा शिकून नोकरीला लागेल ही त्यांची एकच आशा, आणि पोरगा दिवसभर उन्हात. भाऊचा एकही सामना त्यांनी पाहिला नव्हता.

आजारी पडण्याआधी भाऊ जळगावला फायनल खेळायला गेला होता. एकाहत्तर रन काढून आला. आला आणि जेवलाच नाही. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठेना. "अंगात ताकदच नाही आबा," म्हणाला. आबा कामावर निघाले होते. दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "खेळायला होती ना ताकद?" चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसले तेव्हा आबांनीच त्याला रिक्षात घातलं.

भाऊच्या पुण्यानुमोदनाची वंदना झाल्यावर मामा मायला आपल्या गावी घेऊन गेला, साक्रीकडे. ती जेवत नव्हती, बोलत नव्हती. मला मात्र शाळा होती म्हणून मी आबांजवळ राहिले. त्या महिन्यात आबांनी घरातून भाऊची एकेक वस्तू काढली. कपडे दिले, पुस्तकं कॉलेजात नेऊन दिली, सायकल चुलत्याकडे पाठवली. बॅट टीमच्या कॅप्टनला दिली. तो भेटायला आला होता आणि रडत होता. आबा रडले नाहीत. कोपऱ्यातून बॅट उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "ने. माझ्या डोळ्यांसमोर नको." हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी शाळेतून आले तर कोपरा रिकामा होता. विचारायची माझी छाती झाली नाही.

माय परत आली, पिशवी खाली ठेवली आणि सगळं घर फिरून आली. चार दिशांना चार वेळा पाहिलं.

"बठ्ठं दी टाकं?" तिनं विचारलं. सगळं देऊन टाकलं?

आबा चष्मा पुसत राहिले.

"कपडा गयात, जाऊ द्या. मना पोऱ्यानी बॅट कोठे शे?"

आबांनी तिच्याकडे न पाहता सांगितलं, "मूठ ढिली झाली होती. बांधायला दिली आहे. येईल."

वीसेक दिवसांनी आबा बॅट घेऊन आले. मायनं ती मांडीवर आडवी घेतली, दोन्ही हातांनी चाचपली, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा घरात कोणाचा तरी मोठ्यानं रडण्याचा आवाज आला. त्या दिवशी संध्याकाळी ती भाकरी जेवली.

पुढे बॅट पांढऱ्या कापडात गुंडाळून बुद्धाच्या फोटोखाली असायची. दर पौर्णिमेला वंदना झाली की माय कापड सोडायची आणि बॅटला जवसाचं तेल लावायची. कोणीतरी तिला सांगितलं होतं की बॅटला तेल पाजावं लागतं, नाहीतर लाकूड तडकतं. मी त्या वेळी काहीतरी काम काढून बाहेर जायचे. आबाही जायचे.

मी एकवीस वर्षांची असताना मला जळगावच्या एका शाळेत लायब्ररीची नोकरी लागली. सगळे लोक केळीच्या भावाबद्दल बोलायचे आणि मला कशातच गोडी नव्हती. त्या शाळेत एक निवृत्त पीटीचे सर अधूनमधून यायचे, पेपर वाचायला. बायको वारलेली, मुलगी नाशिकला. तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या सामन्यांना स्कोअरर म्हणून काम केलं होतं. एके दिवशी त्यांनी माझं रजिस्टर पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे. माझं एक काम कराल का? माझा हात कापतो आता."

काम असं होतं की त्यांच्या घरी पन्नासेक जुन्या बॅटी होत्या. पुढच्या खोलीत भिंतीला लावलेल्या, काही खाटेखाली, दोन तर कपाटात साड्यांच्या जागी. सगळ्या खेळून झालेल्या. जिल्ह्यातल्या कोणत्या ना कोणत्या सामन्यात, कोणीतरी त्या बॅटींनी रन काढलेले. नवी बॅट ते घरात घेत नसत. त्यांना त्या सगळ्यांची एक वही करायची होती. कोणाची बॅट, कुठला सामना, अंगावर खुणा कुठे, आणि लेबल कुठलं.

लेबलाचा रकाना सगळ्यांत मोठा होता. मी कारण विचारलं तेव्हा ते हसले. "लोक खोटं बोलतात असं नाही. विसरतात. कोणाची तरी बॅट आणतात आणि म्हणतात, ही आमच्या काकांची. लेबल विसरत नाही."

त्या काळी आमच्या भागातल्या बहुतेक बॅटी जळगावच्या एकाच दुकानातून घेतलेल्या असत. बॅटी यायच्या उत्तरेतून, पण विकताना दुकानदार मागच्या बाजूला, खांद्याच्या चार बोटं खाली, आपलं लेबल चिकटवायचा. सरांनी त्या लेबलांचे तीन प्रकार काढले होते. पहिलं म्हणजे लेबलच नव्हे, जांभळ्या शाईचा रबरी शिक्का. तो खेळून खेळून पुसट व्हायचा, पण लाकूड तिरकं धरलं की दिसायचा. दुसरं पांढऱ्या कागदावर निळ्या अक्षरांचं. तिसरं पिवळं, चकचकीत, लाल काठाचं, आणि त्यावर स्टंपांचं चित्र, मधला स्टंप उडालेला. तिसऱ्यातही दोन तऱ्हा होत्या. आधीच्यावर फोनच्या नंबराला आकडे कमी, नंतरच्यावर जास्त. नंतर दुकान बंद झालं.

घड्याळजीसारखं एक भिंग सर डोळ्याला लावायचे. एकदा शिरपूरचे एक गृहस्थ बॅट घेऊन आले, म्हणाले, ही माझ्या वडिलांची, लग्नाआधीची. सरांनी पाहिली, त्यांना चहा पाजला आणि हळूच म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या लग्नाआधी जळगावात फोनला एवढे आकडे नव्हते हो." ते गृहस्थ ओशाळले. सरांनी त्यांना दोन बिस्किटं जास्त दिली.

मला ते काम आवडायला लागलं. रविवारी सकाळी जायचे आणि दुपारपर्यंत लिहायचे. बॅटीच्या खालच्या टोकाला लागलेली माती, कडेला बसलेले चेंडूचे लाल ठसे, मुठीवर घामानं काळा पडलेला पट्टा, हे सगळं सर मला दाखवायचे आणि मी शब्दांत मांडायचे. भाऊबद्दल मी सहा महिने काही बोलले नाही. एका रविवारी सरांनी एक फायनल सांगितली, जळगावची, धुळ्याच्या पोरांनी जिंकलेली, आणि मी लिहिता लिहिता थांबले.

"त्यात माझा भाऊ होता," मी म्हणाले.

"कोण?"

"पहिला उतरायचा तो."

सर खुर्चीत पुढे सरकले. "उभा राहताना उजवा पाय दोनदा आपटायचा? उंच, बारीक?"

मी मान हलवली. गेल्या आठ वर्षांत घराबाहेरच्या कोणी त्याच्याबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तो उजवा पाय दोनदा आपटायचा हे मलाच माहीत नव्हतं.

"तो गेला, हे मला पुढच्या हंगामात कळलं," सर म्हणाले. मग भीत भीत विचारावं तसं विचारलं, "त्याची बॅट आहे?"

"आहे. मायजवळ आहे."

"मला ठेवायची नाही, ताई. नुसती पाहायची. वहीत त्याचं नाव यायला हवं."

पुढच्या सुट्टीत मी धुळ्याला गेले. मायला सांगितलं तर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग विचारलं, "तो माणूस त्याला ओळखायचा?" "हो. तो कसा खेळायचा ते सांगतो." तेवढ्यावर ती उठली आणि बॅटीवर पांढऱ्या कापडाच्या वरून एक जुनी चादर गुंडाळायला लागली. आबा जेवत होते. म्हणाले, "कशाला न्यायची? राहू दे." माय गुंडाळतच राहिली तेव्हा पुन्हा म्हणाले, "राहू दे ना." मग ताटातलं तसंच ठेवून हात धुतला. मला वाटलं, अजून राग आहे. मेलेल्या पोराच्या खेळावर एवढा राग, म्हणून मला त्यांचाच राग आला.

पारोळा, एरंडोल करत बस जळगावला पोहोचेपर्यंत मी ती बॅट मांडीवर धरून होते. कंडक्टरनं विचारलं, "कोणती टीम, ताई?" मी खिडकीबाहेर पाहिलं.

सरांनी टेबल पुसून ठेवलं होतं. मी चादर सोडली, कापड सोडलं. त्यांनी बॅट हातात घेतली, वजन पाहिलं, टोक पाहिलं, ठसे पाहिले. मग उलटी केली आणि भिंग लावलं. बराच वेळ ते वाकून राहिले. मग एकदम ताठ झाले. चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

"ताई, हे माझ्याकडे नाही! हे मी कधी पाहिलंच नाही. पिवळंच आहे, काठही लाल आहे, पण स्टंप बघा. सरळ उभे आहेत. मधला उडालेला नाही. आणि चित्र काढलेलं नाही हे, नुसत्या रेघा आहेत. म्हणजे आणखी एक प्रकार होता! लिहा. प्रकार चौथा. लिहा, लिहा."

मी लिहिलं. प्रकार चौथा. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

तेलाचा हात फिरून फिरून लेबल तपकिरी झालं होतं, तरी अक्षरं वाचता येत होती. दुकानाचं नाव, खाली जळगाव. मी जळगावमधला ळ पाहिला आणि भिंग आणखी जवळ नेलं.

त्या ळच्या उजव्या वाटोळ्याचा खालचा तुकडा उडालेला होता. तो ळ मी लहानपणापासून पाहत होते. शाळा सुटल्यावर मी छापखान्यात आबांच्या शेजारी स्टुलावर बसायचे आणि वापरलेले खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. त्या मापाचा ळ आमच्या छापखान्यात नेहमी अपुरा. आबा म्हणायचे, "गावाच्या नावातच आहे ना ळ. प्रत्येक कामात लागतो, म्हणून लवकर झिजतो." मालक नवे खिळे आणायचे नाहीत, म्हणून तो तुटका ळ वर्षानुवर्षं चालला. धुळ्याच्या कितीतरी लग्नपत्रिकांवर तो असेल. माझ्या दहावीच्या निरोपसमारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेवरही होता. आणि ते स्टंप म्हणजे तीन पितळी रेघा. पावतीपुस्तकात रकाने पाडायला वापरतात त्या. चित्राचा ठसा नसेल तर कंपोझिटर दुसरं काय उभं करणार?

"काय झालं?" सरांनी विचारलं.

मी लेबलावर बोट फिरवलं. अक्षरं कागदात दबलेली होती, खिळ्यांची छपाई अशीच दबते. दुकानाची खरी लेबलं गुळगुळीत होती. सरांनीही बोट फिरवलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"तुमचे वडील काय करतात म्हणालात?"

मी सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग आतून एक जुनी स्कोअरबुक आणली, त्या फायनलचं पान काढलं. समासात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं की खेळी चालू असताना या फलंदाजाची बॅट टोकाला चिरली आणि त्यानं ती सुतळीनं बांधली. तिथे अंपायरनं हरकत घेतली होती म्हणून ती नोंद. टेबलावरच्या बॅटीच्या टोकाला चिरेचं नावही नव्हतं.

"ही त्याची नाही, ताई," ते म्हणाले.

मला रडू आलं नाही. आठ वर्षं माय पौर्णिमेला कोणाच्या तरी बॅटीला तेल लावत होती, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. सर म्हणाले, "बॅट आजच नेऊ नका. दोन-चार दिवस थांबा. मला एक काम करायचं आहे." शनिवारी रजा टाकून मी बॅट घ्यायला गेले तेव्हा त्यांनी मला एक फुलस्केप कागद दिला. कापऱ्या हातानं, दर आकड्यावर थांबत, त्यांनी भाऊची ती सगळी खेळी उतरवून काढली होती. चेंडूमागून चेंडू.

धुळ्याला उतरून मी घरी गेले नाही, थेट छापखान्यात गेले. दुपारची वेळ होती. मालक जेवायला गेले होते. आबा एकटेच उभे राहून खिळे परत टाकत होते. मी चादर सोडली, बॅट उलटी करून दगडी टेबलावर ठेवली आणि ळवर बोट ठेवलं.

आबांनी चष्मा वर केला. खाली केला. मग हातातले खिळे ताटलीत ओतले.

"कोणी ओळखलं?"

"मी."

त्यांनी मान हलवली. जणू तेच बरं झालं. स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः उभेच राहिले.

"मी कॅप्टनला देऊन टाकली होती," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, त्या बॅटीनंच नेलं त्याला. तुझ्या मायनं विचारलं तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, शिरपूरला मॅच होती, दोन तुकडे झाले. मी शिरपूरला गेलो. म्हटलं तुकडे तरी मिळतील, सांधून घेऊ. ग्राउंडवरच्या चहावाल्यानं सांगितलं, चुलीत घातले."

"मग ही?"

"नरडाण्याची. स्टेशनाजवळ एका घरात मिळाली. त्यांच्या मुलानं खेळणं सोडलं होतं. उंची तेवढीच वाटली मला. पण कोरी होती गं जवळपास. तुझ्या मायनं लगेच ओळखली असती."

ते थांबले. मागच्या दाराकडे पाहिलं. मागे छोटं अंगण होतं, रद्दीचे गठ्ठे ठेवायची जागा.

"एक चेंडू आणला. लाल. जेवणाच्या सुट्टीत मालक घरी गेले की इथे भिंतीवर चेंडू मारायचो. परत आला की बॅटनं अडवायचो. ठसे पडायला पाहिजे होते ना. पहिले दोन दिवस चेंडू बॅटला लागेचना." त्यांनी हाताची बोटं उघडून मिटली. "आठ-दहा दिवस मारला. हाताला फोड आले. तुझ्या मायनं विचारलं तर सांगितलं, मशीनचा दांडा लागला. मला काय माहीत होतं, एवढं जड असतं ते. एवढं मनगटाचं काम असतं. मी आयुष्यात पहिल्यांदा बॅट धरली, बेटा. त्याला विचारलं असतं तर त्यानं शिकवलं असतं मला."

लेबल शेवटी केलं होतं. जुन्या बॅटीवरचं लेबल कसं होतं ते त्यांना नीट आठवत नव्हतं. पिवळं होतं, लाल काठ होता, स्टंप होते, एवढंच. त्यांनी एकच प्रत काढली आणि जुळवलेलं लगेच मोडलं.

"मायला सांगणार?"

"नाही आबा."

"नको सांगू."

मग मी पिशवीतून सरांनी दिलेला कागद काढला. त्यांनी तो हातात घेतला आणि प्रूफ वाचायला घेतात तसा डोळ्यांजवळ नेला.

"हे काय?"

"भाऊची फायनल. त्या सरांनी लिहून दिली. त्या दिवशी त्यांनीच स्कोअर लिहिला होता."

"मला कळत नाही यातलं."

"सोपं आहे. टिंब म्हणजे त्या चेंडूला रन नाही. एक म्हणजे एक पळाला. चार म्हणजे चौका."

आबांनी बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. आयुष्यभर अक्षर-अक्षर वाचलेला माणूस. टिंब. टिंब. एक. टिंब. चार. चारवर थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चौका." त्यांनी पुन्हा तिथेच बोट ठेवून म्हटलं, "चौका." पुढे गेले. मध्ये एका ठिकाणी एकापुढे एक तीन चौके होते. तिथे त्यांच्या तोंडून हलकंसं "अरे" निघालं. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाहेर रस्त्यावरून कापसाची गाडी गेली, भिंती हलल्या, ते वाचतच होते.

शेवटच्या दोन ओळींत त्यांचा वेग कमी झाला. बोट मागे नेलं, परत पुढे आणलं.

"इथून पुढे चौका नाही," ते म्हणाले.

"हो."

"दोनसुद्धा नाही. नुसती टिंबं आहेत. मध्येच एखादा एक."

त्यांनी ती टिंबं बोटानं मोजली.

"दमला होता तो," आबा म्हणाले. "त्याला पळवत नव्हतं."

शेवटी सरांनी झेल असं लिहिलं होतं. आबांनी ते वाचलं, कागदाची घडी घातली, ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि मागच्या अंगणात गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. ते रद्दीच्या गठ्ठ्यावर बसलेले मला दारातून दिसत होते. पाठ माझ्याकडे होती. मालक जेवून परत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, आबांना जरा बरं वाटत नाही.

बॅट मी मायला परत दिली. तिनं विचारलं, "काय म्हणत होता तो माणूस?" मी सांगितलं, "भाऊ उभा राहताना उजवा पाय दोनदा आपटायचा." माय म्हणाली, "लहानपणी दूध मागतानाही आपटायचा."

जळगावला परत गेले तेव्हा सरांनी वहीतलं ते पान मला दाखवलं. प्रकार चौथा खोडलेला नव्हता. पुढे त्यांनी लिहिलं होतं, एकच प्रत. भाऊचं नाव मात्र त्या ओळीत नव्हतं. ते वेगळ्या पानावर होतं, बॅट उपलब्ध नाही, अशा शेऱ्यासह.

त्यानंतर तीन-चार वर्षांत छापखान्यात कॉम्प्युटर आला. खिळ्यांचे खण, टेबल, कपाटं सगळं एका दिवसात भंगारात गेलं. आबांना मालकांनी हार घालून निरोप दिला. घरी बसून त्यांचं मन लागेना. रविवारी ते ग्राउंडवर जाऊन बसायला लागले, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. घरी सांगायचे, पाय मोकळे करून येतो. एका हिवाळ्यात छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत ते गेले. मी पोहोचले तेव्हा त्यांना ओसरीवर ठेवलं होतं.

आबांचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. पौर्णिमा आली. मी त्या वेळी घरीच होते आणि या वेळी बाहेर गेले नाही. मायनं कापड सोडलं, तेलाची वाटी घेतली. तिचे हात आता सुकले होते. तेल लावता लावता म्हणाली,

"तुन्हा आबानी हाई बॅटले कधी हात नई लावा. एक डाव बी नई. शेवटलोंग राग गया नई त्यास्ना."

सांगितलं तर तिच्या हातातली बॅट जाणार होती. नाही सांगितलं तर आबा असेच राहणार होते, पोराच्या खेळाचा राग धरून मेलेले. मी शब्द दिला होता. पण कागदाबद्दल मी कोणाला शब्द दिला नव्हता.

"माय," मी म्हणाले, "आबांनी त्याची ती जळगावची खेळी सगळी वाचली होती. एकेक चेंडू. माझ्यासमोर."

तिचा हात थांबला. "वाची? कशी वाची?"

मी तिला कागदाचं सांगितलं. तिनं लगेच विचारलं, कोठे शे तो कागद. आम्ही दोघींनी आबांची ट्रंक उपसली, शर्टांचे खिसे पाहिले, धम्मपदाच्या पुस्तकाची पानं झटकली. कागद नव्हता. छापखान्याच्या खणात राहिला असेल तर तो खणासकट गेला होता. जळगावला सरही आता राहिले नव्हते. त्यांच्या मुलीनं घर विकलं होतं. त्या बॅटी आणि वह्या कुठे गेल्या, मला आजवर कळलेलं नाही.

माय परत खाली बसली. बॅट मांडीवर घेतली. "तुले ध्यानमा शे ना?" म्हणाली. "मंग सांग."

मी आठवायला लागले. पहिला चेंडू, टिंब. दुसरा, टिंब. तिसऱ्याला एक रन. मग टिंब, मग चौका. ती डोळे मिटून ऐकत होती. चौका म्हणजे काय हे तिला समजावून सांगितलं, तशी तिनं मान हलवली. दुसऱ्या ओळीच्या मध्यापर्यंत मला नीट आठवत होतं. एकापुढे एक तीन चौके होते हेही आठवत होतं, पण कुठे ते नक्की नाही.

"मंग?" माय म्हणाली.

पुढचं मला आठवत नव्हतं. मी सांगत राहिले. दोन रन, मग एक, मग चौका, मग पुन्हा चौका. शेवटची टिंबं मी सांगितली नाहीत.